निम्मं बाजूला ठेवणारे सर

सरांच्या घराची दर्शनी भिंत निम्मी पिवळी आणि निम्मी पांढरी होती. पांढरी म्हणजे एके काळी पांढरी. आता तिच्यावर कैक पावसाळ्यांचे ओघळ उतरलेले. रंगाऱ्यानं दारापर्यंतचा भाग पिवळा केला तेव्हा सर म्हणाले, बस, इथवरच. रंगारी म्हणाला, सर, रंग उरलाय. सर म्हणाले, उरू दे, मला बघायचंय. काय बघायचंय ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही आणि पुष्कळ दिवस मलाही कळलं नव्हतं. सरांना बघायचं होतं की दार उघडेपर्यंत माणसं कुठल्या बाजूला उभी राहतात. रंगाचा माणसावर खरंच काही परिणाम होतो, की आपण आपले उगाच रंगवत बसतो?

माणसं पांढऱ्या बाजूला उभी राहायची. तिकडे सावली होती.

सर मला भिवंडीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. उंच, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघणारे. आता ते गावी, गणेशपुरीच्या बाजूला राहायला गेलेत, आणि फोन उचलत नाहीत असं नाही, पण दोन फोनांतला एकच उचलतात. एक उचलून आणि एक न उचलून काय फरक पडतो, हे बघत असावेत. मी विचारलेलं नाही. त्यांना काही विचारलं की उत्तर मिळण्याऐवजी आपल्यालाच नवा प्रश्न लागतो, आणि तो घेऊन घरी जावं लागतं.

त्यांचं सगळं निम्म्यानं चाले. गुडघेदुखीचा मलम एकाच गुडघ्याला. पॉलिश एकाच बुटाला. ते बूट घालून ते एकदा विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले आणि कोण कुठल्या बाजूनं येऊन नमस्कार करतो ते बघत मांडवात उभे राहिले. केसांना तेल लावलं तर भांगाच्या एकाच बाजूला. कुणी नव्या गोष्टीचं कौतुक सांगायला लागलं, की सर हात वर करत आणि म्हणत, "निम्मं बाजूला ठेव. मग सांग." म्हणजे निम्म्या गोष्टीला हात लावू नकोस, ती होती तशी राहू दे, आणि मग दोन्हींत काय फरक पडला ते सांग. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. संसारात याचं काय करायचं, ते सरांनाही माहीत नव्हतं.

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मी एकदा विचारलं की तुम्ही हे सहन कसं करता. काकू पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यांनी दुसरं लगीन केलं न्हाय यातच मी सुखी हाय गो. तुलना करायला आणली असती येखादी."

सर आतून म्हणाले, "ऐकतोय मी." काकू म्हणाल्या, "ऐका की. एका कानानं ऐका, दुसऱ्यानं सोडून द्या. तुमचं तसंच असतं सगळं."

गणेशपुरीच्या गरम कुंडाची गोष्ट तर आमच्या सगळ्या बॅचला पाठ होती. सर रविवारी सकाळची एसटी पकडून कुंडावर जात आणि काठावर बसून एकच पाय पाण्यात सोडत. उजवा. डावा धोतराच्या घोळात कोरडा. आजूबाजूला भक्तमंडळी गळ्यापर्यंत बुडून देवाचं नाव घेतायत आणि मधेच हे एका पायानं तीर्थ घेतायत. गावातल्या एका म्हातारीनं विचारलंच, "मास्तर, त्यो दुसरा पाय काय बाटलाय काय?" सर गंभीरपणे म्हणाले, "न्हाय मावशी, त्यो साक्षीदार हाय." म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं, काहीतरी व्रत असेल.

काही महिन्यांनी दोन्ही गुडघे सारखेच बरे झाले. सर हवालदिल. काकू म्हणाल्या, एसटी स्टँडापासून कुंडापर्यंत चालता ना, त्यानं झाले असतील. सरांना हे पटलं, पण आनंद मुळीच झाला नाही. गुडघे बरे झालेला माणूस इतका दुःखी मी पुन्हा पाहिला नाही.

आता जी गोष्ट सांगायचीय तिचं मूळ मात्र या गुडघ्यात नाही, फळ्यावर आहे. मी अकरावीला असताना सरांनी शेजारच्या हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या सरांना हाताशी धरलं. प्रकाशाचा धडा होता. अ तुकडीत ड्रॉइंगचे सर रंगीत खडू घेऊन आले आणि काचेच्या लोलकातून प्रकाश फुटून रंग कसे बाहेर पडतात, ते त्यांनी अख्ख्या फळ्यावर काढलं. म्हणे भिंतीवरही थोडं आलं होतं. ब तुकडीत आमचे सर एकटे आले, नियम सांगितला, आकृती पेन्सिलीनं काढून घेतली आणि गेले. मी ब तुकडीतली. परीक्षेत आम्हाला जास्त मार्क पडले. सर आठवडाभर ड्रॉइंगच्या सरांना तोंड दाखवत नव्हते.

पुढे खूप वर्षांनी मानकोली नाक्यावर एका कंटेनर ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून सरांच्या पाया पडला. अ तुकडीतला मुलगा. म्हणाला, सर, तो फळ्यावरचा रंगांचा पट्टा अजून डोळ्यांपुढे आहे. सरांनी लगेच विचारलं, नियम सांग बघू. त्याला एक अक्षर सांगता येईना. सर म्हणाले, "मग त्या चित्राचा उपयोग काय झाला?" तो म्हणाला, "काय माहीत सर. पण पाऊस उघडला ना, की गाडी साइडला घेतो आणि वर बघतो. क्लीनर हसतो मला."

सर त्या दिवशी नाक्यावरून तडक माझ्याकडे आले. माझं घर मानकोलीतच आहे. पाणीसुद्धा न घेता विचारलं, "याला मी किती मार्क देऊ?" मी म्हटलं, सर, तुम्ही रिटायर झालात. त्यावर म्हणाले, "म्हणून काय झालं? प्रश्न थोडाच रिटायर होतो?" मला तर तो नियम आजही पाठ आहे, आणि आयुष्यात एकदाही उपयोगी पडलेला नाही. पण हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी त्याचेही मार्क मागितले असते.

मी तेव्हा गोदामातली नोकरी सोडून मुंबईच्या एका ट्रस्टसाठी काम करायला लागले होते. हा ट्रस्ट चित्रकार आणि शास्त्रज्ञ यांच्या जोड्या लावून द्यायचा. लग्नाचं स्थळ जुळवतात तसंच, फक्त पत्रिकेऐवजी प्रपोजल. आमच्या वाट्याला आलेली जोडी अशी होती: एक चित्रकार ताई, आणि आवाज या विषयात डॉक्टरेट केलेला एक माणूस. त्याला मी पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढे आवाजाचे डॉक्टर म्हटलं आणि पस्तावले, कारण कारखान्यातले कारीगर त्याच्याकडे कानाचं औषध मागायला लागले.

काम एका यंत्रमागाच्या कारखान्यात होतं. ज्यांनी चालू कारखान्यात पाय ठेवला नसेल, त्यांना तिथला आवाज सांगून कळणार नाही. आत गेल्यावर आपण बोलतोय हे फक्त आपल्या गळ्याला कळतं. कारीगर खुणांनी बोलतात, ओठ वाचतात, आणि फारच महत्त्वाचं असेल तर कानाशी तोंड नेऊन किंचाळतात. या दोघांनी ठरवलं की मागावरचं वाया गेलेलं सूत आणि चिंध्या भरून जाड गाद्या करायच्या आणि त्या भिंतींना व छताच्या पत्र्याखाली टांगायच्या, म्हणजे आवाज शोषला जाईल. ते डॉक्टरचं शास्त्र. आणि लूमच्या आवाजाचे चढउतार रंगीत पट्टे करून त्या गाद्यांवर विणायचे, ही ताईची कला. ट्रस्टच्या कागदात त्याला 'ध्वनिचित्र' म्हटलं होतं. कारखान्यात सगळे गादीच म्हणायचे. सेठनं परवानगी दिली ती वेगळ्याच कारणानं. बाजूच्या बिल्डिंगमधले लोक त्याच्या नावानं शंख करायचे, तो बंद होईल असं त्याला वाटलं.

तर या जोडीनं केलेल्या कामाचा माणसांवर काय परिणाम झाला, हे कुणीतरी तिसऱ्यानं तपासायचं होतं. आवाज कमी झाला की नाही, ते मीटर सांगतच होतं, झाला होता. ट्रस्टला हवं होतं ते माणसांचं. फायदा दिसला तर सगळ्या कारखान्यात आणि पुढे आणखी कारखान्यांत गाद्या लागणार. नाही दिसला तर आहेत त्याही उतरवणार. तपासायला माणूस इथलाच, पण या दोघांशी संबंध नसलेला हवा. मी सर सुचवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या मीटिंगला सरांनी गाद्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "निम्मं बाजूला ठेवा."

ताई म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे निम्म्याच कारखान्याला लावा. मधे जाड पडदा सोडा. गादीखालचे कारीगर वेगळे, मोकळ्या भागातले वेगळे. ड्युटी सुटल्यावर दोघांचे कान तपासू."

डॉक्टर खूश झाला. ताईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मी निम्मी कलाकृती लावत नसते." सर म्हणाले, "ताई, तुमची कलाकृती पूर्णच आहे. कारखाना निम्मा आहे." गाद्या निम्म्या कारखान्याला लागल्या.

मोकळ्या भागात सलीमभाई होते. आझमगढकडचे, मिसरूड फुटायच्या आधी भिवंडीला आलेले ते इथंच दाढी पिकली. अतिशय भला माणूस, पण बोलायला लागला की भांडतोय असं वाटायचं. बाहेर टपरीवर "सर, चाय पियो" असा आग्रह करायचे तेव्हा रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे. सरांचं त्यांच्याशी फार जमलं. दोघं कटिंग घेऊन तासन्‌तास बोलायचे, म्हणजे सलीमभाई ओरडायचे आणि सर मान हलवायचे. सरांनी चहातही साखर घातलेला आणि बिनसाखरेचा असे दोन ग्लास पुढ्यात ठेवून घेतले होते. सलीमभाईंनी एकदा ते दोन्ही एकत्र ओतून सरांपुढे सरकवले. सरांना हे करण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. ते हसले, आणि प्याले.

कान तपासायची सोय सेठच्या केबिनमध्ये होती. ड्युटी सुटली की एकेक कारीगर यायचा, डॉक्टर त्याच्या कानाला हेडफोन लावायचा, बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. सर शेजारी बसून गादीवाला की मोकळा ते बघून घ्यायचे. दोनेक महिने हे चाललं. निकाल हाती आला तेव्हा डॉक्टरचा चेहरा पडला. गादीवाले आणि मोकळे, दोघांचे कान सारखेच दमलेले. काडीचा फरक नाही.

सर म्हणाले, "असं होणार नाही." डॉक्टर म्हणाला, असं झालंय. ताई म्हणाली, मी आधीच सांगत होते, निम्म्यानं काही होत नसतं. मला काहीच कळत नव्हतं. आत जाऊन उभं राहिलं तर दोन भागांतला फरक माझ्यासारखीलाही जाणवत होता. गादीखाली आपलं बोलणं निदान आपल्याला ऐकू यायचं. मग तो फरक माणसाच्या कानात शिरताना कुठे हरवत होता?

सरांची छत्री केबिनमध्ये राहिली म्हणून आम्ही एका दुपारी न सांगता कारखान्यात गेलो. एरवी आम्ही येणार ते मुकादमाला आधी माहीत असायचं. पडदा सारून आत गेलो तर सलीमभाई गादीखालच्या लूमवर. त्यांच्या मोकळ्या जागेवर दुसराच कुणी. आम्हाला बघितलं आणि एकदम पळापळ झाली. माणसं पडद्याच्या या बाजूची त्या बाजूला, त्या बाजूची या बाजूला. संगीत खुर्चीत गाणं थांबतं तेव्हा होते तशी. सलीमभाई तेवढे जागेवर राहिले. त्यांना पळणं शोभलं नसतं.

बाहेर टपरीवर सरांनी विचारलं, "ये कब से चालू है?"

"शुरू से," सलीमभाई म्हणाले. "गाँव में एक ही नल हो तो बारी लगती है ना सर? वैसा ही. दो दिन ये लोग गद्दी के नीचे, दो दिन हम लोग. आधे को आराम और आधे को नहीं, ये अच्छा लगता है क्या?"

"आणि आम्ही आल्यावर?"

"आप आते हो तो सब अपनी-अपनी जगह चले जाते हैं. आपका हिसाब नहीं बिगड़ना चाहिए ना."

सर बाकड्यावर बसले. हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं, आणि मी सांगू शकत नव्हते. त्यांचं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती या माणसांनी मोडली होती, आणि मोडून वर त्यांचीच काळजी घेतली होती. कान सारखेच दमलेले होते, कारण सगळ्यांनी गाद्या सारख्याच वाटून घेतल्या होत्या. सर एवढंच म्हणाले, "मी निम्मं बाजूला ठेवलं होतं रे."

"हाँ सर," सलीमभाई म्हणाले, "आपकी कोई ग़लती नहीं."

आता खरी पंचाईत. अहवाल द्यायची वेळ झाली होती. मी सरांच्या घरी गेले आणि स्पष्ट सांगितलं: सर, फायदा झाला असं लिहून टाका. गाद्या राहतील. कारीगर त्यासाठी आपसात पाळ्या लावतात, याहून मोठा पुरावा कुठला? डॉक्टर आणि ताई यांचं प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही याच गोष्टीवर. सलीमभाई दोनदा सांगून गेले होते, "लिख दो ना सर, अच्छा है."

सर चिडले. चिडले की त्यांची गावची बोली बाहेर यायची. "अच्छा हाय हे तो बोलतो. कान काय बोलतो? मला माहीत न्हाय. जे माहीत न्हाय ते हाय म्हणून कसं लिवू?"

"चार शब्द लिहायचेत सर."

"चार शब्द खोटे लिवले की पाचवा खरा कोन मानंल?"

मी म्हटलं, मग नुकसान कुणाचं होईल ते तुम्हाला दिसत नाही का? ते म्हणाले, दिसतंय. म्हणाले, पुन्हा करू, या वेळी सगळ्या कारखान्याला लावू, दुसरा कारखाना बाजूला ठेवू. मी म्हटलं, ट्रस्टकडे वेळ नाही. काकू दारात उभ्या राहून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या आणि कुणाची बाजू घ्यावी ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. मला त्या दिवशी सरांचा फार राग आला. आणि पायऱ्या उतरताना असंही वाटलं की हा माणूस फिरला असता तर मला जास्त राग आला असता. मी अजून या दोन रागांत अडकलेली आहे.

सरांनी जे झालं ते सगळं लिहिलं. पाळ्यांचं, पळापळीचं, सगळं. ट्रस्टची मीटिंग मोबाइलवर झाली. सरांनी काकूंकडून इस्त्रीचा शर्ट मागून घेतला होता. पलीकडच्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "वाचताना फार मजा आली सर. फक्त एका शब्दात सांगा, फायदा झाला की नाही?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

बाईंनी 'परिणाम आढळला नाही' असं म्हटलं आणि सगळ्यांचे आभार मानले. सर ओरडायला लागले की आढळला नाही वेगळं आणि माहीत नाही वेगळं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण त्यांचा माइक बंद होता. मी तो चालू करेपर्यंत पलीकडे कुणी नव्हतं.

गाद्या टेम्पोत घालून गेल्या. त्यांतल्या काही ताईनं मुंबईच्या एका गॅलरीत लावल्या. मी बघायला गेले होते. थंडगार, गुळगुळीत जमीन, आणि आधीच इतकी शांतता की तिथं गादीला शोषायला काही उरलंच नव्हतं. लोक हळू आवाजात म्हणत होते, किती शांत वाटतं ना.

सर त्यानंतर कारखान्याकडे फिरकले नाहीत. टपरीही बदलली.

मग एका शुक्रवारी, कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी, मी सरांकडे पापड लाटायला गेले होते. काकूंनी बोलावलं होतं. दुपार उलटून गेलेली. गल्लीच्या तोंडापासूनच हाक आली, "सर! घर पे हो क्या?" काकू म्हणाल्या, कोन भांडायला आलंय ते बघ गो. सलीमभाई होते. सर बाहेर गेले. दोघं पायरीवर बसले, मी दारात लाटणं घेऊन उभी.

सलीमभाई म्हणाले की सांगायचं असं काही नाही, सहज आलो. मग जे सहज आलेलं नव्हतं ते सांगायला लागले. गाद्या होत्या त्या दिवसांत त्यांनी गावी फोन केला की बायको विचारायची, तबीयत ख़राब है क्या, इतना धीमे क्यों बोलते हो? त्यांना स्वतःला कळलंच नव्हतं की आपला आवाज उतरलाय. धाकटी मुलगी एरवी फोनवर यायचीच नाही. तिला वाटायचं, अब्बा रागावतायत. गावी गेले तरी लांबच राहायची. त्या दिवसांत मात्र आईच्या हातून फोन ओढून घ्यायची. शाळेतलं सांगायची, बकरीचं सांगायची, ठेवच म्हणायची नाही.

"अब फिर नहीं आती फ़ोन पे," ते म्हणाले. "बीवी बोलती है, अब ठीक हो गए आप. ठीक! पहले मालूम ही नहीं था सर, कि मैं चिल्लाता हूँ. अब मालूम है. कोशिश करता हूँ तो भी आवाज़ नीचे नहीं आती."

हे सगळं ते ओरडूनच सांगत होते. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

सरांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "ये तब क्यों नहीं बताया? मैं रोज़ तो पूछता था."

सलीमभाईंनाही याचं आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "आप कान का पूछते थे, सर."

आत काकूंचं लाटणं थांबलं होतं. मला अजून समजत नाही की त्या गाद्यांनी या माणसाचं भलं केलं की वाईट. त्या आल्याच नसत्या तर त्याला मुलीचं ते बोलणं मिळालं नसतं, आणि ते गेल्याचं दुःखही झालं नसतं. सर हे कुठे लिहिणार होते, आणि कुणी वाचून काय म्हणणार होतं? पण मला रडू येत होतं, एवढं मात्र नक्की.

सर काहीतरी पुटपुटले.

"क्या बोले?" सलीमभाईंनी कान पुढे केला.

सर पुन्हा बोलले. त्यांचा आवाज मुळातच बारीक, त्यात तो आता फाटलेला.

"ज़ोर से बोलिए सर. छुट्टी के दिन भी कान में मशीन चलती रहती है."

सर उभे राहिले. ज्यांनी वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, त्या माणसानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "ग़लती मेरी थी! मुझे माफ़ करो!" गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. गल्लीतली पोरं खेळायची थांबली. सलीमभाई हात हलवत नाही नाही म्हणत होते, पण सर थांबायला तयार नव्हते.

समोरच्या गॅलरीतून शेजारी खाली वाकला. "सर, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "गरीब माणूस हाय तो, कशाला रागावता त्याच्यावर?"